डोहातला माझा वाटा

लग्नकार्यात माझी ओळख करून देताना आमचे नातेवाईक हमखास अडखळतात. "ही आमची... प्राध्यापक आहे, माशांची." त्यावर समोरचा माणूस हटकून विचारतो, "म्हणजे मत्स्यपालन का? तळंबिळं आहे का तुमचं?" मग मी सांगते, की मला माशांतलं फारसं कळत नाही. माझा विषय माणसं हा आहे, मासे धरणारी आणि न धरणारी. नदीत मासे टिकावेत म्हणून लोक कोणते नियम पाळतात, कोण मोडतं, मोडल्यावर काय होतं, हे मी शिकते आणि शिकवते. एवढं ऐकेपर्यंत समोरचा जिलेबीकडे वळलेला असतो. एका आत्याने तर तोंडावर विचारलं होतं, "घरात चातुर्मासात कांदा-लसूण बंद, आणि पोरगी माशांवर डॉक्टर. कसं काय गं?"

मला राग लवकर येतो, हे इथेच सांगून टाकते. आत्याशी मी दोन वर्षं बोलले नव्हते.

वडील मनमाडला रेल्वेत होते. त्यांचा सगळा विश्वास वेळापत्रकावर. गाडी उशिरा आली तरी त्यांच्या लेखी वेळापत्रक बरोबरच असायचं, चूक गाडीची. माझं प्रश्नावलीच्या बाबतीत तसंच झालं. पीएचडीसाठी मी जी प्रश्नावली बनवली, ती माझ्या गाईडने तीनदा परत केली आणि चौथ्यांदा "आता हिच्यातून काही निसटणार नाही" असं म्हणून पास केली. तिचे सहा भाग होते. दुसरा आणि तिसरा भाग मासेमारीचा. त्याच्या आधी एका चौकटीत ठळक अक्षरात सूचना होती: मासेमारी हा व्यवसाय नसल्यास थेट भाग चारकडे जा. त्या चौकटीचा मला फार अभिमान होता. वेळ वाचायचा.

ही प्रश्नावली घेऊन मी पेठच्या पलीकडच्या डोंगरातल्या एका गावात गेले. एसटी फाट्यावर सोडायची, पुढे तासभर चालायचं. भात-नागली करणारी वीस-बावीस घरं. दिवाळीनंतर भात झोडून झालं की निम्मं गाव द्राक्षबागांच्या कामाला निघून जायचं, म्हणून मी दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीतच जायचे. सगळे भेटत आणि माझी रजाही वाचे.

गावाखाली नदीला एक डोह आहे. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी पिशवी खांद्यावरून उतरवायलाही विसरले होते. काळ्या कातळाच्या कुशीत हिरवंगार, हलकेच फिरणारं पाणी. काठावर शेंदूर लावलेला एक दगड. सोबत आलेल्या बाईने भाकरीचा तुकडा चुरून पाण्यात टाकला आणि तळातून सावल्या वर यायला लागल्या. आधी मला त्या सावल्याच वाटल्या. मग त्यातल्या एकीने कूस बदलली आणि रुपयाएवढे खवले सोन्यासारखे चमकले. पुस्तकात ज्याला महाशीर म्हणतात, तो मासा मी तोवर फक्त चित्रात पाहिला होता. माझ्या हाताहून लांब मासे, माझ्यापासून दोन पावलांवर, निर्धास्त. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि का आलं ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

"इथं मासे धरता का?" मी गावातल्या प्रत्येक पुरुषाला विचारलं.

"नाय. देवाचा डोह हाय."

शंभर टक्के "नाही". प्रश्नावलीत इतका स्वच्छ रकाना कुणाला मिळत नाही.

मी उतरायचे ती गावच्या सुईणीकडे. बुटकी, सुकलेली, पण हात मात्र मोठे; अंगावर कुणा दुसऱ्याचे लावल्यासारखे. अर्धं गाव तिच्याच हातून जन्माला आलेलं. आता बायका बाळंतपणाला दवाखान्यात जातात, गाडी येते त्यांना न्यायला. पण गाडीला फोन लावायच्या आधी सासू सुनेला हिच्याकडे घेऊन येते. ही डोळे मिटून पोटावर हात ठेवते आणि सांगते, "अजून चार दिस हायत. जेव निवांत." तिचा अंदाज चुकलेला मी ऐकला नाही. मी तिला मावशी म्हणायचे, ती मला बाई. तिची प्रश्नावली भरताना व्यवसायात मी लिहिलं, सुईण. चौकटीतल्या सूचनेप्रमाणे थेट भाग चारवर गेले. तिथे घरात संडास आहे का, हे विचारायचं होतं.

निघताना ती दरवर्षी पळसाच्या पानांत बांधलेलं एक पुडकं माझ्या हातात द्यायची. चुलीवरच्या धुरात वाळवलेले वीतभर मासे. "घरी खा," एवढंच म्हणायची. माझ्या माहेरी मासे खाणं सोडाच, त्यांचा वास आला तरी आई गोमूत्र शिंपडायला निघायची. एकदा एसटीत कंडक्टरने थांबून विचारलं होतं, "ताई, पिशवीत काय मेलंय?" पण मावशीला नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती. ते पुडकं मी राहते तिथे, गंगापूर रोडला, शेजारच्या काकूंना द्यायचे. काकू मूळच्या रत्नागिरीकडच्या. त्यांची दिवाळी त्या पुडक्याने खरी गोड व्हायची. फक्त एक तक्रार त्या दरवर्षी करायच्या.

"मासे झकास गं. पण एकातही गाभोळी कशी निघत नाही? आमच्याकडे बारक्या माशातसुद्धा अंडी निघतात. एवढी वर्षं झाली, एकदा तरी निघावी!"

मी हसून मान डोलवायचे. माशांची डॉक्टर!

त्या डोहावर मी जो निबंध लिहिला, त्याने माझं आयुष्य उभं केलं. श्रद्धेपोटी पूर्ण आणि कायमचं वर्ज्य केलेला डोह, गावातलं कुणी त्यातला मासा खात नाही, म्हणून मासे टिकले: असं त्याचं थोडक्यात सार. लोकांना ते फार आवडलं. परिषदांमध्ये मी डोहाचे फोटो दाखवले की सभागृह शांत व्हायचं. त्या निबंधावर नोकरी लागली, कायम झाले, आणि प्राध्यापकपदाच्या बढतीच्या फाइलमध्येही पहिल्या पानावर तोच होता.

मग एक दिवस जिल्ह्यातल्या एका समितीचं पत्र आलं. समितीने असे डोह संरक्षित करायचं ठरवलं होतं आणि पहिलाच माझा डोह निवडला होता. बारा महिने मासेमारी बंद, मोडल्यास दंड आणि गुन्हा. परिशिष्ट म्हणून माझा निबंध जोडलेला. गावाची संमती तेवढी हवी होती, आणि तीही जूनच्या बैठकीआधी. मी म्हटलं, "ते माझं गाव आहे. ठराव मीच घेऊन येते." पत्र हातात घेऊन मी घरभर नाचले होते. सामाजिक शास्त्रातल्या किती जणांचं लेखन कायद्यापर्यंत पोचतं?

अशी मी त्या गावात पहिल्यांदाच ऐन वैशाखात गेले.

नदी ओळखू येईना. दिवाळीत गुडघाभर वाहणारं पाणी कुठेच नव्हतं, नुसते पांढरे पडलेले गोटे. गावात पोचले तर दारं उघडी आणि घरात कुणी नाही. कुत्रीसुद्धा नाहीत. खाली डोहाकडून गलका ऐकू येत होता. मी उतरून गेले आणि कातळावर उभी राहून पाहिलं, तर अख्खं गाव डोहावर होतं. पुरुषांनी डोहाच्या एका अंगाला जाळं धरलं होतं आणि ते हळूहळू काठाकडे ओढत होते. काठावर बायका टोपल्या घेऊन बसलेल्या.

मला काय झालं ते सांगायला लाज वाटते. मी ओरडले. वर्गात मोबाइल वाजल्यावर ओरडते तशी. "हे काय चाललंय? हा देवाचा डोह ना? कोणी सांगितलं हे करायला?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. कुणी चिडलं नाही, आणि त्याने मला आणखीच राग आला. काठाशी मावशी कमरेपर्यंत पाण्यात बसली होती. तिने मान वर केली.

"बाई आली! बरं झालं. चपला काढ आन ये खाली."

"मावशी, तुम्ही तर मासे धरत नाही ना?"

"तू दिवाळीला इचारलंस, धरता का. दिवाळीला कोन धरतंय?" ती म्हणाली. "वरसातून ह्यो एक दिस. लोकं कामावरून घरला आलेली असत्यात, रानात खायाला काय नसतं. तवा देव जेवू घालितो."

"पण मला कुणी सांगितलं कसं नाही? इतकी वर्षं येते मी!"

"माशांचं तू बाप्यांना इचारलंस. माला पोरांचं इचारलंस. संडासाचं इचारलंस." शेजारच्या बायका खुदकन हसल्या. "आता गप बस. माजा हात कामात हाय."

मी चपला काढल्या आणि गप्प बसले. त्या क्षणी मी रागाने बसले होते. पण पुढचे दोन तास मी जे पाहिलं, त्याने माझा राग कुठल्या कुठे गेला.

जाळं काठाशी आलं की पुरुष थांबत. पुढचं काम त्यांचं नव्हतं. मावशी पाण्याखाली हात घाली. एकेक मासा, पाण्याबाहेर न काढता, तिच्या तळहातावरून पुढे सरके. तिचा अंगठा त्याच्या पोटावरून एकदाच फिरे. डोळे मिटलेले. मग एक तर ती मासा मागच्या टोपलीत टाकी, नाही तर तळहात उघडून त्याला जाळ्याच्या पलीकडे सोडून देई. ना घाई, ना विचार. दोन तरण्या बायका तिच्या डाव्या-उजव्या हाताला बसून तेच शिकत होत्या. त्या अडल्या की मासा तिच्या हातात देत.

"पोटुशी," ती म्हणे, आणि मासोळी जाई.

मोठ्या महाशीरांपैकी एक जाळ्यात सापडला तेव्हा काठावरच्या बायका बघायला उठून उभ्या राहिल्या. लांबी बघूनच मला वाटलं, हा कुणी सोडणार नाही. मावशीने दोन्ही हात त्याच्या पोटाखाली घातले, बाळंतिणीच्या पाठीला आधार द्यावा तसे. बराच वेळ तशीच राहिली. मग जाळं खाली दाबून तिने वाट करून दिली. तो मासा गेला नाही. क्षणभर तिच्या हातांवरच थांबला, एकदा शेपूट हलवली, आणि मग खोल गेला. मी आयुष्यात कुठल्या देवळात हात जोडले नसतील तसे माझे हात त्या वेळी जोडले गेले होते. मी ज्याला श्रद्धा म्हणून दोन शब्दांत गुंडाळलं होतं, तिथे एक विद्या होती, आणि ती मला घरात झोपायला अंथरूण देणाऱ्या बाईच्या बोटांत होती. मी तिची प्रश्नावली भरली होती आणि हा भाग सोडून पुढे गेले होते.

उन्हं डोक्यावर यायच्या आत जाळं गुंडाळलं गेलं. पुन्हा वर्षभर कुणी हात लावणार नव्हतं. कातळावर पानं मांडून मासे वाटले. प्रत्येक घराला एक ढीग, सारखा. मोठ्या घराला जास्त नाही, आणि जाळं ओढणाऱ्यालाही जास्त नाही. गावात घरं किती ते मला पाठ होतं, म्हणून सवयीने मी ढीग मोजले. एक जास्त निघाला.

"हा कुणाचा?"

सगळ्या बायका पुन्हा हसल्या. आता मात्र त्यांना हसू आवरेना.

"तुजा," मावशी म्हणाली. "दरसाल काढतो की. तू येतेस दिवाळीला, तवर कसा टिकंल? म्हणून मी धुरावर ठेवते."

मी खाली बसले. पळसाच्या पानांतली ती पुडकी, एसटीतला कंडक्टर, शेजारच्या काकू आणि त्यांची न निघालेली गाभोळी. गावातलं कुणी या डोहातला मासा खात नाही, असं मी छापलं होतं. आणि दर दिवाळीला त्या डोहातल्या माशांचा वाटा, गावातलं एक घर म्हणून, पिशवीत घालून घरी नेत होते. पुरावा नाकाला झोंबत होता, तरी मला दिसला नाही.

दुपारी पारावर बैठक बसली. मी समितीचं पत्र बाहेर काढलं, कारण ते वाचणं भागच होतं. बारा महिने बंद. दंड. गुन्हा. वाचताना माझा आवाज बारीक होत गेला. मावशीने शांतपणे विचारलं, "म्हंजी आजचा दिस गुन्हा व्हनार?"

"हो."

मग सरपंचाने खिशातून पेन काढलं. तो तिशीचा, मावशीच्याच हातून जन्मलेला, आणि सकाळी जाळ्याच्या दोरीला त्याचेच हात सोलवटले होते. "बाई, कागद तुमी आनलाय," तो म्हणाला, "म्हंजी काय तरी भल्याचाच असंल. सही कुठं करू?"

त्या प्रश्नाने माझं काळीज फाटलं. त्यांनी भांडायला हवं होतं. त्यांनी मला हाकलून द्यायला हवं होतं. ते सही करायला तयार होते, कारण कातळावर माझा एक ढीग होता. मी तो कागद घडी करून पुन्हा पिशवीत ठेवला आणि म्हटलं, "कुठंच नाही. हे मी चुकीचं लिहिलंय."

जूनच्या बैठकीत तेच वाक्य पुन्हा म्हणायचं होतं, आणि तिथे ते दहा पटींनी जड गेलं. समितीच्या अध्यक्षांनी परिशिष्ट उघडून माझ्यासमोर धरलं. "मॅडम, हे तुमचंच आहे ना? कुणी खात नाही म्हणून?"

"माझंच आहे. चूक आहे."

"म्हणजे तुम्ही नीट अभ्यास केला नव्हता?"

खोलीत माझ्या ओळखीची चार माणसं होती. शेजारी बसलेल्या सहकाऱ्याने टेबलाखालून माझ्या हाताला स्पर्श केला आणि कुजबुजला, "फाइलचा तरी विचार कर." खोटं कशाला बोलू, फाइलचा विचार मी केला. मग म्हटलं, "नाही केला. ज्या बाईला विचारायचं तिला मी विचारलंच नाही. तुम्ही हा दिवस बंद केलात, तर तो डोह राखणारं कारणच बंद कराल. मासे देवाने राखलेत की कायद्याने राखावेत, यावर तुम्ही काय वाद घालायचा तो घाला. राखलेत त्या बायकांनी, आणि त्या आजही पाण्यात बसून राखतायत."

प्रस्ताव फेरविचारासाठी परत गेला. निबंध ज्या पत्रिकेत छापला होता, तिला मी दुरुस्ती पाठवली. ती छापून आली तेव्हा नातेवाइकांना काही कळलं नाही, पण क्षेत्रातल्या सगळ्यांना कळलं. बढती लांबली. वाईट वाटलं का, तर वाटलं; पुष्कळ वाटलं. इंदिरानगरला माहेरी जाऊन मी आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. आईला डोहाचं काही कळलं नाही. तिने विचारलं, "मग आता ते मासे तू खाणार का?" मी म्हटलं, खाणार. तिने गोमूत्राचं नाव काढलं नाही.

हिवाळ्यात समितीचा नवा मसुदा आला. त्यात बंदी हा शब्द नव्हता. डोह गावाच्या नियमाने चालेल, बाहेरच्या कुणी त्यात जाळं टाकायचं नाही, एवढंच होतं. त्याच्यावर सरपंचाने सही केली, आणि सुईणीने अंगठा.

यंदाच्या वैशाखात मी पुन्हा गेले. प्रश्नावली नेली नाही. मावशी आता फार वेळ पाण्यात बसू शकत नाही, गुडघे आखडतात. तिने मला हाक मारली आणि आपल्या शेजारी पाण्यात बसवलं. पाणी गार होतं. तिने माझा हात धरून पाण्याखाली नेला आणि माझ्या तळहातावर एक मासा सरकवला. थंड, गुळगुळीत, आणि आत काहीतरी धडधडत होतं. ते त्याचं होतं की माझं, मला कळेना. मी अंगठा फिरवला. पोट फुगीर लागलं.

"सांग," ती म्हणाली.

इतकी वर्षं मीच विचारत आले होते. सगळं गाव थांबलं होतं, जाळं धरून. वर्गात मी शिकवते, की खात्री नसेल तेव्हा निसर्गाच्या बाजूने चूक करावी. त्या तत्त्वाला एक भारदस्त नावही आहे. त्या वेळी मला ते आठवलं नाही. मला नुसती भीती वाटत होती.

"पोटुशी," मी म्हटलं, आणि हात उघडला. मासा जायच्या आत मावशीचा अंगठा त्याच्या पोटावरून फिरून गेला होता. ती हसायला लागली.

"नुसतं पोट भरलेला व्हता. चुकलीस."

माझा चेहरा पडला असावा. तिने पाण्याखालीच माझं मनगट दाबलं.

"सोडून चुकलीस ना? चालंल. धरून चुकली असतीस तर उठवली असती तुला."

मी हात बाहेर काढायला लागले, तर तिने तो काढू दिला नाही.

"ऱ्हाऊ दे तिथंच," ती म्हणाली. "दुसरी येतीय."